सोकोरो, १९६४: लष्कराने तपासलेलं आणि आजही उघडं असलेलं एक प्रकरण

अमेरिकन हवाई दलाकडे १९४७ ते १९६९ या काळात आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी जमा झाल्या. त्या तपासणारा हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ बंद झाला तेव्हा त्यातल्या ७०१ नोंदींपुढे ‘अनोळखी’ असा शेरा होता. या ७०१ मध्ये एक प्रकरण असं आहे की खुद्द तपासप्रमुखाने नंतर लिहून ठेवलं, याहून चांगली कागदपत्रं आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच प्रकरणाची नाहीत आणि तरीही हे आम्हाला सुटलं नाही. न्यू मेक्सिको राज्यातल्या सोकोरो गावचं, २४ एप्रिल १९६४ चं प्रकरण ते हेच.

कोल्हापुरात आकाश बघणाऱ्या आमच्या छोट्या मंडळीने हे प्रकरण अभ्यासाला घेतलं, त्यामागे कारण होतं. पन्हाळ्याच्या अंगाला उजेड उभा राहिलाय, हलत नाही, काय आहे बघा, असे फोन आम्हाला येतात. बहुतेक वेळा तो शुक्र असतो, गुरू असतो, नाहीतर स्टारलिंक उपग्रहांची माळ. पण उत्तर सोपं नसेल तर काय विचारायचं, कुणाला, कोणत्या क्रमाने, हे शिकायला पूर्ण कागदपत्रं असलेलं एक प्रकरण मुळापासून वाचणं हाच मार्ग. आमच्यात शिक्षक आहेत, दोन-चार इंजिनिअरिंगची मुलं आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सैनिक टाकळीचे सुभेदार आहेत आणि उभी हयात पोलीस ठाण्यांत काढलेले एक फौजदार. या शेवटच्या दोघांमुळे हा अभ्यास मला एकट्याने जमला असता त्यापेक्षा फार वेगळा झाला.

घटना

शुक्रवारची संध्याकाळ, पावणेसहाचा सुमार. सोकोरोचे पोलीस अंमलदार लॉनी झामोरा एका भरधाव मोटारीच्या मागे गावाबाहेर निघाले होते. वाटेत त्यांना गडगडाट ऐकू आला आणि नैर्ऋत्येला आकाशात ज्वाळा दिसली. त्या बाजूला सुरुंगाची दारू ठेवायची एक खोली होती. तीच उडाली असं समजून त्यांनी पाठलाग सोडला आणि गाडी खडीच्या कच्च्या चढावर घातली. चढ इतका उभा की गाडी पहिल्या दमात वर गेलीच नाही.

वर पोचल्यावर दीडशे-दोनशे यार्डांवर, खालच्या ओहोळात, काहीतरी पांढरं चकाकणारं दिसलं. उलटलेली मोटार असावी असं त्यांना वाटलं. शेजारी पांढऱ्या कपड्यातल्या दोन आकृती होत्या. लहान चणीची मोठी माणसं किंवा मोठी मुलं म्हणावीत अशा. त्यातली एक वळली आणि गाडी बघून दचकल्यासारखी झाली. झामोरांनी वायरलेसवर अपघात असल्याचं कळवलं आणि गाडी पुढे घेतली. मधल्या उंचवट्यामुळे ती जागा थोडा वेळ नजरेआड गेली. गाडीतून उतरले तेव्हा वस्तू सुमारे १०० फुटांवर होती. लांबट अंड्याच्या आकाराची, ॲल्युमिनियमसारखी पांढरी, खिडकी-दार काही नाही, खाली पाय, बाजूवर एक लाल चिन्ह. झाकण लावल्यासारखे दोन-तीन ठोके ऐकू आले आणि लगेच प्रचंड गडगडाट सुरू झाला. खालून निळी-नारिंगी ज्वाळा. स्फोट होणार असं वाटून झामोरा पळाले, गाडीला पाय आपटला, चष्मा पडला. गडगडाट थांबला आणि एकदम शांतता. मागे वळून बघितलं तर वस्तू जमिनीपासून थोड्याच उंचीवरून, त्या दारूच्या खोलीवरून जेमतेम निसटत, डोंगराच्या दिशेने निघून चालली होती.

झामोरांनी चष्मा उचलला, गाडीत बसले आणि वायरलेसवरच्या सहकाऱ्याला सांगितलं, खिडकीतून बघ, काही दिसतंय का. त्याने विचारलं, काय आहे? झामोरा म्हणाले, बलूनसारखं दिसतंय.

त्या सहकाऱ्याची खिडकी उत्तरेला होती. वस्तू होती नैर्ऋत्येला. कोणत्या खिडकीतून बघायचं हे आपण सांगितलं नाही, असं झामोरांनी स्वतःच्या जबाबात नोंदवलंय.

या वाक्यापाशी आमची बैठक बराच वेळ थांबली. सगळ्या प्रकरणात त्याच क्षणी, दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या अधिकृत माणसाने ती वस्तू बघण्याची ही एकच संधी होती. तसं झालं असतं तर दोन ठिकाणांहून दोन दिशा मिळाल्या असत्या; त्या नकाशावर छेदल्या की अंतर, उंची, वेग सगळं हिशेबात बसलं असतं. दिशेचा एक शब्द सांगायचा राहिला आणि पुढची साठ वर्षं एका माणसाच्या डोळ्यांवर वाद चालू आहे. झामोरांचा दोष मी काढत नाही. जीव वाचवायला पळालेल्या माणसाने एवढं सांगितलं आणि नंतर आपली चूकही लपवली नाही, म्हणून तर मला त्यांच्या जबाबावर विश्वास ठेवावासा वाटतो. रचून सांगणाऱ्याने सहकाऱ्यालाही काहीतरी दिसलं असं सांगितलं असतं.

पहिली संध्याकाळ

राज्य पोलिसांचे सार्जंट सॅम चावेझ काही मिनिटांतच तिथे पोचले. झुडपं अजून धुमसत होती. जमिनीत चार दाबलेले ठसे होते, साधारण १६ इंच लांब आणि ६ इंच रुंद, आणि प्रत्येक ठशाची माती बाहेरच्या बाजूला सरकलेली. मधल्या भागात गवताचे पुंजके जळालेले. त्याखेरीज काही लहान गोल खुणा. ठशांभोवती दगड मांडून ते राखले गेले.

त्याच संध्याकाळी एफबीआयचे अधिकारी आर्थर बर्न्स आणि व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्राचे कॅप्टन रिचर्ड होल्डर जागेवर आले. होल्डरनी लष्करी पोलिसांकडून जागा दोरीने बंद करून घेतली, मापं घेतली, आणि रात्रीच झामोरांचा जबाब नोंदवला गेला. बर्न्सच्या अहवालात झामोरांबद्दल स्पष्ट लिहिलंय की हा माणूस निर्व्यसनी, कष्टाळू आणि कर्तव्यदक्ष आहे, कल्पनेत रमणारा नाही. परिसरात दुसरं कुणी आढळलं नाही हेही त्याच अहवालात आहे.

फौजदारसाहेबांनी हा भाग वाचला आणि म्हणाले, “सर, पंचनामा म्हणून हे लई चांगलं काम हाय. त्याच संध्याकाळी जागा बघितली, मापं घेतली, रात्रीच्या रात्री जबाब झाला. आपल्याकडं खुनाला एवढं झटपट हुतंय का बघा.”

मला ते पटलं. लोकांच्या बोलण्यात हे प्रकरण येतं ते उडती तबकडी म्हणून. ते टिकलं मात्र पहिल्या काही तासांच्या साध्या पोलिसी कामामुळे. झामोरांनी आठवड्याने हीच गोष्ट वर्तमानपत्राला सांगितली असती, तर ती त्या ७०१ मध्ये कधीच बसली नसती.

पण याच संध्याकाळी एक घोटाळा झाला. वस्तूवरच्या लाल चिन्हाचा खरा आकार बाहेर सांगू नका असं होल्डरनी झामोरांना सुचवलं. हेतू चांगला होता: उद्या कुणी ‘मीही बघितलं’ म्हणत आलं, तर चिन्ह विचारून खरं-खोटं करता यावं. गुन्ह्याच्या तपासातही एखादा तपशील असाच हातचा राखून ठेवतात. प्रत्यक्षात मात्र दोन चिन्हं बाहेर फिरू लागली. एक कमान, तिच्याखाली बाण आणि तळाला आडवी रेघ. दुसरं, उलटा व्ही आणि त्यावर तीन आडव्या रेघा. झामोरांच्या सहीचं रेखाचित्र फाईलमध्ये असूनही खरं कोणतं यावर आजही पानंच्या पानं लिहिली जातात. तपशील राखून ठेवायचा तर तो त्याच दिवशी बंद पाकिटात, तारखेनिशी, दोन साक्षीदारांसमोर ठेवायला हवा. ते झालं नाही, आणि पडताळणीची खूण स्वतःच वादाचा विषय झाली.

हवाई दल येतं

२६ एप्रिलला कर्टलंड तळावरचे मेजर विल्यम कॉनर आणि ब्लू बुकचे सार्जंट डेव्हिड मूडी आले. गायगर काउंटर फिरवला; किरणोत्सार नेहमीएवढाच. २८ तारखेला ब्लू बुकचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक पोचले. मातीचे आणि जळक्या झुडपांचे नमुने राइट-पॅटरसन तळावर गेले. मातीत बाहेरचं काही सापडलं नाही, झुडपांवर कोणत्याही रॉकेट इंधनाचा अंश नव्हता.

ब्लू बुकचे प्रमुख हेक्टर क्विंटानिला यांना चंद्रावर उतरवायच्या यानाच्या चाचणीचा संशय होता, आणि संशयाला आधार होता. सोकोरो काही आडबाजूचं निरागस खेडं नव्हे. १६ जुलै १९४५ ला जगातला पहिला अणुबॉम्ब फुटला ते ट्रिनिटी तिथून साधारण ५५ किलोमीटरवर. व्हाइट सँड्समध्ये रोज काही ना काही उडत असे. चंद्रावर माणूस उतरवण्याचा कार्यक्रम जोरात होता. पाय असलेली, खालून ज्वाळा सोडणारी, पांढरी वस्तू आणि पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं म्हटल्यावर पहिला विचार हाच येणार. क्विंटानिला स्वतः हॉलोमन तळावर जाऊन आले, चांद्रयानावर काम करणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहिली, हेलिकॉप्टरं, विमानं, हवामानाचे फुगे सगळं तपासलं. एप्रिल १९६४ मध्ये असं उडू शकेल असं चांद्रयान कुणाकडेच नव्हतं.

१९६६ साली सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकात क्विंटानिलांनी या प्रकरणावर लिहिलं. झामोरांनी काहीतरी बघितलं आणि ते त्यांच्या मनावर खोल उमटलं याबद्दल शंका नाही, झामोरा विश्वासार्ह आहेत, आणि आम्हाला कारण सापडलेलं नाही, असा त्याचा सूर. गणवेशातला अधिकारी लेखी ‘सापडलं नाही’ म्हणतो, याचं मला मोल वाटतं. ‘दलदलीतला वायू’ छाप उत्तर चिकटवून फाईल मिटवणं त्या काळात फार सोपं होतं, आणि तसं झाल्याची उदाहरणंही ब्लू बुकमध्येच आहेत.

मग सुटलं का नाही?

बैठकीत मी उपकरणांच्या मर्यादा मांडत होतो. सुभेदारसाहेब ऐकत होते. मग म्हणाले, “सर, फौजेला एकच इचारायचं असतंय. आपलं हाय का दुसऱ्याचं? आपलं न्हाई, दुसऱ्याचंबी न्हाई, म्हटल्यावर फौजेचं काम संपलं. पुढचं कुणी बघायचं?”

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. ब्लू बुकपुढे दोन कामं होती: देशाच्या सुरक्षेला धोका आहे का ते ठरवायचं आणि माहितीचं शास्त्रीय विश्लेषण करायचं. पहिल्या प्रश्नासाठी हवाई दलाकडे तळ होते, दूरध्वनी होते, कुणालाही जाब विचारायचा अधिकार होता. दुसऱ्यासाठी एक अधिकारी, मोजके सहाय्यक आणि एक अर्धवेळ सल्लागार. त्यामुळे तपासाची नजर कायम वर गेली: कुठला तळ, कुठलं यान, कुठली चाचणी. गावात काय चाललंय ते बघायचं राहिलं.

आणि गावात होतं काय? न्यू मेक्सिको इन्स्टिट्यूट ऑफ मायनिंग अँड टेक्नॉलॉजी. खाणकाम, स्फोटकं आणि रॉकेटं यांचं ज्ञान असलेलं, तरुण मुलांनी भरलेलं महाविद्यालय. फौजदारसाहेबांचा पहिला प्रश्न तोच होता: “दारूची खोली कुणाची? चावी कुणाकडं? जवळपास आग-दारू हाताळणारं कोण?” आपल्याकडे शिवारात स्फोट झाला की ठाणे अंमलदार आधी विहिरीच्या सुरुंगवाल्यांची यादी काढतो. हवाई दलाच्या फाईलमधला शोध तळांकडे आणि कंपन्यांकडे ज्या जोराने गेला, त्या जोराने महाविद्यालयाच्या आवाराकडे गेलेला मला दिसत नाही.

याचं महत्त्व नंतर कळलं. १९६८ मध्ये नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी त्या संस्थेचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ स्टर्लिंग कोलगेट यांना पत्राने या प्रकरणाबद्दल विचारलं. कोलगेटनी त्याच पत्राच्या तळाशी उत्तर लिहिलं: ही बनवाबनवी करणाऱ्या विद्यार्थ्याचा मला चांगला सुगावा आहे, तो आता इथून गेलाय. ही नोंद उजेडात आली २००९ मध्ये. त्यानंतर विचारलं तेव्हाही कोलगेट आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, पण नाव कधीच सांगितलं नाही. लक्षात घ्या, कोलगेट संस्थेत अध्यक्ष म्हणून आले ते १९६५ मध्ये, घटनेनंतर. म्हणजे त्यांची माहिती ऐकीव. न्यायालयात हे टिकणार नाही. तपासाला दिशा द्यायला मात्र पुरेसं होतं, चार वर्षं आधी कुणी विचारलं असतं तर.

कोणता खुलासा किती टिकतो

धुळीचा भोवरा, विजेचा गोळा वगैरे खुलासे मी बाजूला ठेवतो. ठसे, ज्वाळा आणि आकृती यांपैकी एकाही गोष्टीला ते पुरे पडत नाहीत. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या ‘सर्व्हेयर’ चांद्रयानाची कल्पना जास्त गंभीर आहे, पण १०० फुटांवरून हेलिकॉप्टरचं पातं दिसलं नाही आणि शेवटी शांतता झाली, हे त्यात बसत नाही. पोलीस असल्याने झामोरांना हेलिकॉप्टर ओळखू येत नसेल असं मानायला मी तयार नाही.

गरम हवेच्या फुग्याचा खुलासा मात्र नीट बघण्यासारखा आहे. आजच्या पद्धतीचा, प्रोपेन बर्नरवर चालणारा फुगा एड योस्ट यांनी पहिल्यांदा २२ ऑक्टोबर १९६० ला उडवला; १९६४ मध्ये तो प्रकार इतका नवा होता की गावच्या पोलिसाने तो कधी पाहिला नसण्याचीच शक्यता जास्त. बर्नर चालू असला की गडगडाट आणि निळी-नारिंगी ज्योत, बंद केला की एकदम शांतता आणि फुगा निःशब्द तरंगत निघालेला. आवाजाचा हा क्रम झामोरांच्या जबाबाशी फार जवळून जुळतो. दोन माणसं, पांढरं आवरण, बाजूवर रंगवलेलं चिन्ह. आणि पहिल्या उत्स्फूर्त क्षणी झामोरांच्या तोंडून आलेला शब्दही बलून हाच.

अडतं कुठे? बर्नरची ज्योत वर, फुग्याच्या पोटात जाते. इथे ती खाली जमिनीकडे दिसली आणि झुडपं जळाली. त्या संध्याकाळी वारा जोराचा होता, तशा वाऱ्यात फुगा ओहोळात उतरवून काही मिनिटांत परत उचलणं कसलेल्या माणसालाही जड. ठसे आत दाबून माती बाहेर ढकललेले होते. टोपलीचे पाय तसे ठसे करतील का, हे कुणी करून बघितल्याचं मला आढळलं नाही. आणि फुगा असेल तर तो कुणाचा?

विद्यार्थ्यांची बनवाबनवी आणि फुगा हे दोन्ही जोडले तर सगळ्यात कमी गृहीतकं लागतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. या खुलाशाचे समर्थक म्हणतात की भरधाव मोटारही झामोरांना तिकडे ओढून नेण्यासाठीच होती. ते मला जरा ओढूनताणून वाटतं. ज्वाळा आणि आवाज योग्य क्षणी, भर पाठलागात, बरोबर नैर्ऋत्येला दिसावेत एवढी घडी वायरलेसशिवाय बसवायची म्हणजे सोपं नाही.

झामोरांनी या घटनेतून काही कमावलं नाही. पुढे त्यांनी पोलिसाची नोकरी सोडली, प्रसिद्धीपासून दूर राहिले आणि २ नोव्हेंबर २००९ ला वारले. खोटेपणाचा आरोप त्यांच्यावर ठेवणाऱ्यांनी ही बाजू वजनात धरायला हवी.

आपल्याकडे काय झालं असतं

काल्पनिक उत्तराची गरज नाही, खरी उदाहरणं आहेत.

२०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी चीनच्या बाजूने उगवणाऱ्या पिवळसर प्रकाशगोळ्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातले १५५ ताबारेषा ओलांडून आल्यासारखे वाटले. टेहळणीची ड्रोन असावीत असा संशय होता. शेवटी बंगळूरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या आणि उत्तर निघालं: शुक्र आणि गुरू. सुभेदारसाहेबांना हे उदाहरण आवडत नाही, जवानांची चेष्टा होते म्हणून. मला उलट वाटतं. एवढ्या उंचीवर, थंडीत, रात्रीमागून रात्री जवानांनी नोंद ठेवली म्हणूनच शास्त्रज्ञांना वेळ आणि दिशा ताडून बघता आली. एकदाच घडलेल्या गोष्टीला हा फायदा मिळत नाही. सोकोरोत तो मिळाला नाही.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते पोलीस ठाण्यात ठेवलं गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता, त्याच्याशी वेळ आणि मार्ग जुळला. हातात वस्तू असली की वाद किती लवकर मिटतो ते इथे दिसतं.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं. नागरी विमानांची वाहतूक काही तास थांबली. विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, नंतर ती छोटी वस्तू दिसली नाही, असं हवाई दलाने जाहीर केलं. शोधासाठी राफेल विमानं गेल्याच्या बातम्या आल्या. तिथे जे झालं ते सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी झालं, आणि ते बरोबरच होतं. आकाशात धोका आहे का हे फौजेनेच बघायचं. ती वस्तू काय होती हा प्रश्न मागे उरला, सोकोरोत उरला तसाच.

म्हणून आम्ही आमचं टिपण बदललं. आधी आम्ही फोन करणाऱ्याला ‘कसं दिसतंय’ विचारायचो. आता पहिला प्रश्न दिशेचा, दुसरा हात लांब करून किती मुठी वर आहे याचा (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश), तिसरा घड्याळाचा. त्यानंतर लगेच दुसऱ्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसाला फोन, दिशा सांगून. किती लांब आहे हे आम्ही शेवटी विचारतो आणि उत्तराला फार महत्त्व देत नाही. मसाई पठारावर पांढरी चादर पसरून बघितली. तेच अंतर कुणी शंभर मीटर सांगितलं, कुणी अर्धा किलोमीटर. झाड नाही, घर नाही, अशा मोकळ्या जागी डोळ्याला माप लागत नाही. सोकोरोचं वाळवंट तर त्याहून उघडं.

कोल्हापूरकरांना हे शिकवावं लागतं असंही नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत आल्यावर कोणत्या मिनिटाला कोणत्या पायरीवर पोचली, तीव्रता किती होती, अडथळा इमारतीचा की हवेतल्या धुळीचा, याची नोंद इथे दर वर्षी होते. प्रकाश, वेळ आणि कोन एकत्र लिहायचे असतात हे आमच्या मुलांना तिथूनच ठाऊक आहे. तीच सवय पन्हाळ्यावरच्या उजेडाला लावायची.

शेरा कोणता मारायचा

शेवटच्या बैठकीत फौजदारसाहेबांनी फाईल आपल्या पद्धतीने निकाली काढायला घेतली. महाराष्ट्र पोलिसांत तपास अडला की समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवतात: अ म्हणजे घटना खरी पण उलगडा झाला नाही, ब म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद, क म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून आलेली. ब कुणालाच मान्य नव्हती. सुभेदारसाहेब क वर अडून बसले. त्यांच्या मते माणूस प्रामाणिक, पण बघितलं एक आणि समजला दुसरं. मुलांपैकी दोघं त्यांच्या बाजूला गेली.

फौजदारसाहेब आणि मी अ वर राहिलो. जळकी झुडपं आणि चार ठसे चावेझनी स्वतः बघितले, बर्न्स आणि होल्डरनी मोजले. तो काही नुसता समज नव्हता. तिथे कुणीतरी, काहीतरी केलं. आणि अ समरी झालेला तपास नवा पुरावा आला तर परत उघडता येतो, हे फौजदारसाहेबांनी दोनदा सांगितलं.

नवा पुरावा म्हणजे काय, तेही आम्ही लिहून ठेवलं. कोलगेटना ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याचं किंवा त्याच्या साथीदाराचं लेखी कथन, ज्यात चिन्हाचा आकार आणि ठसे कसे केले ते असेल. १९६४ च्या सुरुवातीला त्या भागात प्रोपेन बर्नरचा फुगा कुणाकडे होता याचा कागद. त्या संध्याकाळी ज्वाळा बघितल्याचं सांगणाऱ्या दुसऱ्या कुणाची, घटना छापून येण्याआधीची, तारखेसकट नोंद. ब्लू बुकची कागदपत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांसाठी खुली आहेत. दुसऱ्या मुद्द्याचं काम आमच्यातल्या एका मुलीने हाती घेतलंय. त्या काळच्या फुगे बनवणाऱ्यांच्या जाहिराती आणि विक्रीच्या नोंदी ती शोधते आहे.